मासा वर आहे

१

चक्की चालू असली की तिथे ओरडूनच बोलावं लागतं, आणि मधेच लाइट गेली की ओरडणाऱ्याचं वाक्य सगळ्यांसमोर उघडं पडतं. त्या दिवशी बायनाबाईचं पडलं.

"...रंभानं रांजणात मरळ ठेवली हाय, तेच तिले हवा सांगते. अन् लटारू तं कवाचाच—"

पट्टा फडफडून थांबला. पिठाच्या धुरळ्यातून बायनाबाईने मान वळवली, तर मागे कमरेवर गव्हाचा डबा घेऊन सुलताना उभी. बायनाबाईचं तोंड मिटलं.

"लटारूभाऊ कवाचाच काय?" सुलतानाने विचारलं.

"कायी नाई वं. लाइट कवाचीच गेली, असं म्हनत होती."

"लाइट आत्ता गेली."

"मंग आत्ताच म्हनलं असंन," असं म्हणत बायनाबाईने आपला डबा उचलला आणि दळण न घेताच निघून गेली.

सुलतानाला राग आला, पण तो निराळ्याच गोष्टीचा. आरमोरीच्या त्या तलावाकडच्या वॉर्डात कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणाचा जावई रुसून गेला, कोणाची चूल दुपारपर्यंत पेटली नाही, हे सुलतानाला विचारायचं अशी रीतच होती. सातवी शिकलेली बाई. नवरा जलालुद्दीन बांगड्यांची पेटी घेऊन आठवडी बाजार फिरायचा आणि ही घरी बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायची. हात धरला की बाई बोलते, हे तिला विसाव्या वर्षीच कळलं होतं. आणि रंभाचं घर तर तिच्या घराला चिकटून, मधे एका विटेची भिंत. त्या भिंतीपलीकडची गोष्ट चक्कीवर अर्धी ऐकावी लागते म्हणजे कमाल झाली.

२

लटारू, रंभाचा नवरा, गरी टाकून मासे धरणाऱ्यांतला सगळ्यात जाणता माणूस. त्याला हवा कळायची. पश्चिमेचा वारा पाण्यावर बारीक लाटा उठवत असला की मासा खाली चरतो आणि गरीला लागतो. ढग भरून यायच्या आधीचा घंटा-दीड घंटा तर तो हावऱ्यासारखा खातो. पण एकदा का आभाळ बसलं, वारा पडला, पाणी तेलासारखं झालं, की पाण्यातला दम संपतो. मग मासे वर येतात आणि तोंडं बाहेर काढून हवा गिळत राहतात. नवखा माणूस ते पाहून खूश होतो, केवढा मासा आला म्हणतो, आणि दिवसभर गरी टाकून रिकाम्या हाताने घरी जातो. "मासा वर आहे" असं लटारू म्हणाला की लोक काठी खांद्यावर टाकून मुकाट परत फिरायचे.

मरळीचं मात्र निराळं, असं तो सांगायचा. तिला पाण्यातला दम पुरतच नाही. हवा कशीही असो, तिला वर यावंच लागतं. उकाड्याच्या ढगाळ दिवशी लवकर लवकर, वाऱ्याच्या दिवशी सावकाश. खाली जाळ्यात अडकून राहिली तर ती पाण्यात बुडून मरते. सुलतानाला याचं हसू यायचं. मासा कुठे बुडतो का?

मागच्या वर्षी पोळा होऊन चार दिवस झाले होते. लटारू डोंग्यात बसून गरी टाकत होता आणि तिथेच त्याला लकवा मारला. डोंगा कलंडला. रंभा काठावर कपडे धूत होती, तिने तशीच उडी घेतली. पुढचं गरीवाल्यांतला सुकलू सांगतो, कारण तो तेव्हा तलावाच्या पाळीवर बसला होता.

"वयनी खाली गेली, ते वर येच नाई. आमी बोंबललो, धावलो. दोघं बी गेले म्हनून मी तं दुपट्टा काढून हातात घेतला होता. किती वेळ झाला असंन? माह्यी अख्खी बिडी संपली गा. अन् मंग तिकडं, कमळाच्या पानातून, भाऊची कॉलर धरून निंगाली."

लटारू वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण वाचला. महिनाभर दवाखान्यात होता. सारा वॉर्ड त्याला पाहायला जाऊन आला. कोणी केळी नेली, कोणी नारळपाणी. रंभा त्या दिवशी ओल्या लुगड्यानेच टेम्पोत चढली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही दिसतही नव्हतं.

त्यानंतरही गरीवाल्यांची सवय सुटली नाही. सकाळी तलावाकडे जाता जाता सुकलू दाराशी सायकल थांबवायचा.

"वयनी, आज कसं?"

रंभा आत जायची. थोडा वेळ लागायचा. मग दारात येऊन सांगायची, "नऊपर्यंत जा. मंग मासा वर येते." आणि नऊला खरंच वारा पडायचा. एकदाही तिचं चुकलं नाही. लटारूचंसुद्धा चुकायचं, दहातून दोनदा. हिचं नाही. म्हणून तर लोकांनी रांजणात मरळ घातली.

३

चक्कीच्या दुसऱ्याच दिवशी उर्वशीचा फोन आला. उर्वशी ही लटारूची एकुलती एक मुलगी, घुग्घुसला दिलेली. तिचा नवरा रोशन तिथे कारखान्यात पाळीवर जायचा.

"चाची, मले खरं सांगा. बाबा बरे हायेत नं?"

"बरेच असतीन. काऊन?"

"आई फोनवर दोन शब्द बोलते अन् चूप होते. मी हॅलो हॅलो करत राहतो. व्हिडिओवर दाखव म्हनलं तं फोन ठेवते. इथी आमच्याकडं हातापायाची कसरत घेनारा एक जन हाय, बाबाले इथीच आनावं म्हनून राह्यली. रोशनले येत्या आयतवारी सुट्टी हाय. पन आईले विचारलं तं नाई म्हनते. तुमी एकडाव घरात जाऊन पाहा नं, चाची. तुमी सांगान तसं करतो."

सुलतानाच्या छातीत थोडं भरून आलं. कोणी इतक्या विश्वासाने काम सांगितलं की तिला तसं व्हायचं. त्याखाली दुसरंही काही होतं, ते ती स्वतःशीही बोलली नाही. लटारू कवाचाच काय, हे आता तिला हक्काने पाहता येणार होतं.

आणि तो आवाजही होताच.

आवाज मोठा नव्हता. भिंतीपलीकडून यायचा. टप्प. ओल्या ओठांनी हवेचा एक घास घ्यावा तसा. बरेच दिवस सुलताना त्याला नळ समजत होती. नळाला पाणी यायच्या आधी तोटी अशीच हवा गिळते. पण नळ सकाळी सातला येतो आणि हा आवाज भर दुपारी यायचा. मग तिने पालीवर ढकललं. मग शेळीवर. चक्कीवरच्या त्या बोलण्यापासून मात्र तो आवाज आला की तिचा हात थांबू लागला. टप्प. आणि मग लांबच लांब काही नाही.

पाऊस येऊन थांबला होता, धानाचे रोवणे आटोपले होते, आभाळ खाली लोंबत होतं. त्या उकाड्यात आवाज वरचेवर आला. संध्याकाळी वारा सुटला आणि तो विरळ झाला. रांजणात मरळ असेल तर असंच व्हायला पाहिजे, असं सुलतानाने स्वतःला समजावलं आणि तिला जरा बरं वाटलं. मासा काय, कोणीही ठेवतो. त्यात लपवायचं ते काय?

४

सकाळी ती वाटीभर शेवया घेऊन गेली.

रंभा चुलीपुढे बसली होती. लाकडं ओली, धूर भरलेला. फुंकणी खुंटीला टांगलेली होती आणि रंभा पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"अवं, फुंकणी हाय नं. हात दुखतीन."

रंभा हसली, पुठ्ठा हलवतच राहिली. फुंकणीवर कोळ्याचं जाळं होतं. चांगलं जुनं, धुराने काळं पडलेलं. सुलतानाच्या डोळ्यांतून पाणी आलं, खोकून खोकून जीव गेला. रंभा त्याच धुरात बसून होती. एकदाही खोकली नाही.

"पानी पेते का?" रंभाने विचारलं.

"मीच घेतो," म्हणून सुलताना ताडकन उठली. हीच तर संधी.

रांजण कोपऱ्यात तिवईवर होता. तिने झाकण उचललं आणि वाकून पाहिलं. आत पाणी नव्हतं. मासा तर नव्हताच. तळाला बारीक चीर होती आणि तिच्यातून खालची जमीन दिसत होती. रांजण कित्येक महिने कोरडा होता.

"तो फुटला," मागून रंभा म्हणाली. "पितळेच्या गुंडातून घे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून ठक, ठक असं वाजलं. सुलतानाने मान लांब केली. लटारू खाटेवर पडला होता. स्वच्छ धुतलेला सदरा, दाढी केलेली. कवाचाच बिवाचाच काही नाही, चांगला जिवंत माणूस. डाव्या हाताच्या नखाने तो खाटेच्या पाटीवर वाजवत होता. ठक. ठक. ठक. आणि त्याचे डोळे दारातून बाहेर, चुलीकडे लागले होते.

"भाऊ बलावून राह्यले वं."

रंभा उठली नाही. पुठ्ठा थांबला होता. ती निखाऱ्यांकडे पाहत होती, आणि बराच वेळ तशीच पाहत राहिली. आत वाजवणं वाढलं. नख मोडेल अशा जोराने वाजवायला लागला बिचारा. तेव्हा कुठे रंभाने मान उचलली, पाठ फिरवली आणि परसात निघून गेली.

सुलतानाने स्वतः पाणी नेलं. लटारूने ओठ घट्ट मिटून मान हलवली. नको.

घरी येऊन तिने उर्वशीला फोन लावला. तिला रडूच आलं होतं. "ये, बेटा. आयतवारी येच. बाप ठकठक करून बलावते अन् तुही आई उठत बी नाई. तिचंबी काय म्हनावं, वरीस झालं करून राह्यली, थकली असंन. पन तू बापाले घेऊन जा."

"बरं झालं सांगितलं चाची," उर्वशी म्हणाली.

५

आपण लटारूला सोडवलं, असं सुलतानाला दोन दिवस वाटत होतं. शनिवारी मात्र तिला वाटलं की रंभाकडेही एकदा बसून यावं. तिच्या माघारी सगळं ठरवलं, ते थोडं बोचत होतं. दुआ पढायचं निमित्त करून, तस्बीह घेऊन ती गेली.

त्या दिवशी हवा मोकळी होती. रात्रीच पाऊस पडून गेला होता, आभाळ निळं आणि पश्चिमेचा वारा छपराच्या कवेलूंवरून सुसाट. "चांगला दिवस हाय," रंभा म्हणाली. "आज सारे तलावावर गेले." मग ती खोली झाडायला लागली.

सुलताना खाटेजवळ पिढ्यावर बसली. ओठांतल्या ओठांत पढत एकेक मणी सरकवू लागली. खराट्याचा आवाज येत होता. मधे एकदा अगदी जवळून, टप्प. तिचा अंगठा मण्यावर थांबला. लटारूच असणार, दुसरं कोण? लकव्याच्या माणसाचा घसा असा वाजतो, तिच्या सासऱ्याचाही वाजायचा. ती त्याच्या छातीकडे पाहू लागली.

एक फेरी झाली. नव्व्याण्णव मणी. लटारूची छाती वर खाली होत होती. सदऱ्याची गुंडी तेवढ्याने हलत होती.

दुसरी फेरी. छाती हलत होती. आजारी माणसाचा असतो तसा बारीक, पण सारखा श्वास. खराटा थांबला होता. कधी थांबला ते तिच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या फेरीच्या अर्ध्यात लटारूने वाजवायला सुरुवात केली. ठक. ठक.

"पानी देऊ, भाऊ?"

नको.

"लघवीले?"

नको. ठक, ठक, ठक. त्याचा चेहरा लाल झाला. डाव्या डोळ्यातून पाणी वाहून कानात गेलं. तो सुलतानाकडे पाहतच नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे पाहत होता.

सुलताना वळली.

रंभा भिंतीकडे तोंड करून उभी होती. कपाळ भिंतीपासून बोटभर अंतरावर, हात सैल सोडलेले, खराटा पायाशी पडलेला. चोळीची पाठ घट्ट होती आणि ती पाठ हलत नव्हती. झोपलेल्या माणसाची हलते. बसल्या जागी पेंगणाऱ्याची हलते. ही हलत नव्हती. सुलतानाच्या बोटांनी सवयीने आणखी मणी सरकवले, चौथी फेरी लागली. बाहेर वारा वाहत होता. ठक, ठक, ठक, ठक.

मग रंभाची हनुवटी वर गेली. आधी फक्त हनुवटी. मान तिच्या मागून गेली, जितकी जाते त्याहून थोडी जास्तच. तोंड छपराकडे झालं आणि ओठ गोल उघडले.

टप्प.

ओठ मिटले. हनुवटी सावकाश खाली आली. रंभाने खराटा उचलला आणि जिथून सोडलं होतं तिथून झाडू लागली.

लटारूचा हात खाटेवर पडला. तो धापा टाकत होता, जणू मैलभर पळून आला.

६

सुलताना उठून गेली नाही. रंभाला असं सोडून जायचं कसं, ते तिला कळत नव्हतं. चौदा वर्षांपासूनची शेजारीण. हिच्याच हातचा भात खाऊन सुलतानाने बाळंतपण काढलं होतं.

"रंभा," ती म्हणाली, "तू दम काऊन नाई घेत वं?"

"घेतो नं." रंभा खाली बसून कचरा सुपलीत भरत होती. "आत्ताच तं घेतला."

"एवढ्या वेळानं?"

"आज वारा हाय. पुरते." तिने कचरा नीट दाबला. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, भीती नाही, लाज नाही. भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "ढग असले का लवकर लागते. त्यावरूनच सांगतो मी सुकलूले. आत जाऊन उभी राह्यली का समजते."

"कवापासून?"

रंभाने सुपली उचलून बाजूला ठेवली. आठवायचाही प्रयत्न केला नाही.

"मले विसर पडते, बाई," ती म्हणाली. "खाली बरं वाटते."

"खाली म्हंजे कुठी?"

"खाली." तिने सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं. शब्द सापडतो का ते पाहत असावी तसं. सापडला नाही. "तिथी गडबड नाई. हे वाजवतेत, मंग याद येते. मंग मी वर येतो."

खाटेवर लटारूचे डोळे मिटलेले होते. पण नख पाटीवर टेकवलेलंच होतं.

घरी येऊन सुलतानाने बाजेवर बसून दोन्ही हातांनी आपली छाती दाबून पाहिली. येत होता, जात होता. इतक्या वर्षांत तिने तो मोजला नव्हता. मग तिने विचार केला. माणसाला विचार असतो. रंभा थकली आहे. थकलेली बाई कुठेही टक लावून उभी राहते. आणि मणी? मणी आपण घाईत सरकवले असतील. गावाकडे कोणी साधू दम धरतो म्हणतात, तशी सवय लागली असेल. विचार बरोबर होते. एकही कामाचा नव्हता.

तिने उर्वशीला फोन लावला.

"उद्या नको येऊ, बेटा."

"काऊन? गाडी सांगितली चाची. तुमीच तं म्हनल्या."

"हो, पन तुह्या आईले..."

"आईले काय?"

सुलताना, जिच्या तोंडाला अख्खा वॉर्ड घाबरायचा, फोन कानाला लावून उभी राहिली. आईले वाजवून सांगावं लागते. आई श्वास विसरते. आई अजून तलावात हाय. यातलं कोणतंही वाक्य तिच्या तोंडातून बाहेर पडेना.

"आईले करमनार नाई," ती म्हणाली.

"आईले आराम भेटंन, चाची," उर्वशी मायेने म्हणाली. "वरीसभर तिनं धड झोप घेतली नाई."

संध्याकाळी जलालुद्दीन बाजारातून आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो पेटीतल्या बांगड्या पुसत ऐकत होता.

"तेरा ध्यान दूसरों के घर में ज़्यादा रहता," तो म्हणाला. "मरळ बोलते, बाई मासा होते. लोकायचं ऐकून ऐकून तुले बी दिसायले लागलं."

भिंतीपलीकडून ठक ठक आलं. मग टप्प. जलालुद्दीनने मान वर केली आणि म्हणाला, "नळाचा वायसर बदलायले सांग त्यायले."

७

आयतवारी गाडी दहाला आली. रोशनने आणि सुकलूने लटारूला उचलून मागच्या सीटवर बसवलं, दोन्हीकडून उशा लावल्या. रंभाने त्याचे कपडे आदल्या दिवशीच घडी करून पिशवीत भरले होते. ती भांडली नाही, रडली नाही. नाही म्हणायचं होतं तेवढं फोनवर म्हणून झालं होतं.

"आईले बी ने," सुलताना उर्वशीचा दंड धरून म्हणाली. "माह्यं ऐक. दोघायले सोबत ठेव."

"चाची, एकच खोली हाय आमची. दिवाळीपर्यंत थांबा, मंग तिले बी नेतो."

"बकऱ्या कोन पायीन?" रंभा म्हणाली.

लटारूने काचेवर वाजवायला सुरुवात केली. ठक ठक ठक ठक. थांबेचना. उर्वशीने त्याचा हात हळूच धरून मांडीवर ठेवला. "बाबाले सवयच लागली हाय पाहा. सुटंन तिकडं." तो हात मांडीवर दाबलेला असतानाच गाडी निघाली. मागच्या काचेतून लटारू सुलतानाकडे पाहत होता. या वेळी तिच्या खांद्यावरून मागे नव्हे. तिच्याकडेच.

गल्ली रिकामी झाली. वारा पडला होता. झाडाचं एक पान हलत नव्हतं आणि आभाळ हळूहळू बसत चाललं होतं. रंभा आत गेली. सुलतानाही तिच्या मागे गेली, पायातल्या चपला न काढताच.

रंभा आतल्या खोलीत, कालच्याच जागी, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"रंभा."

काही नाही.

"रंभा, मी हाय वं. बोल नं."

सुलताना रिकाम्या खाटेच्या काठावर बसली. गादी अजून माणसाच्या आकाराची होती. तिने पाटीवर बोट वाजवलं. आवाज बोथट आला. तिचं नख कापलेलं होतं. मग तिने हात उलटा केला आणि बांगडीने वाजवलं. ठक. ठक. ठक. रंभाच्या पाठीकडे पाहत ती वाजवत राहिली. एक बांगडी तडकली, तिने दुसरी पुढे सरकवली. ढगाळ दिवस आहे, लवकर लागणार, एवढंच डोक्यात होतं. ठक. ठक. ठक. ठक.

हनुवटी वर गेली.

टप्प.

बाहेर सायकलची घंटी वाजली. गाडी रवाना करून सुकलू परत फिरला होता, खांद्यावर काठी. "वयनी, आज कसं?"

रंभा दारापर्यंत गेली. "नको जाऊ," ती म्हणाली. "मासा वर हाय."

"पाय बापा," सुकलू कोणाला तरी म्हणाला, "भाऊ गेला तरी वयनी सांगतेच." त्याच्या मागून बायनाबाई डोकावत होती. तिने अंगणातून सरळ आत येऊन इकडे तिकडे पाहिलं, आणि कोणी बोलायच्या आत रांजणाचं झाकण उचलून त्यात तोंड घातलं.

"यात तं कायीच नाई वं!" तिचा आवाज रांजणात घुमला. ती बाहेर निघाली ती जराशी खट्टूच. "ठनठनीत कोरडा. अन् लटारूले तं आत्ता मी सोता गाडीत पायलं, जिता जागता, काच वाजवून राह्यला होता. लोकं बी ना, कायच्या काय उठवतेत. हाय का नाई, सुलतानाबाई?"

सुलताना आतल्या खोलीत खाटेवर बसून होती. रंभा परत येऊन भिंतीपुढे उभी राहिली होती.

"काय वं, आज तुह्या तोंडाले कुलूप काऊन?" बायनाबाई हसली. वाट पाहिली. मग ती आणि सुकलू बोलत बोलत गल्लीतून निघून गेले.

खोलीत उकाडा दाटला होता. शेवटच्या टप्पपासून सुलतानाने मनात आकडे धरले होते. सत्तर. एकाहत्तर. भिंतीपलीकडे तिच्याच घरात पातेल्याचं झाकण वाजलं आणि जलालुद्दीनचा आवाज आला, "सुलताना! कब आ रही?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आकडा चुकला असता, म्हणून मिटलं.